मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ

इटलीच्या उत्तरेस माज्जोरे नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या कांठीं अरोना हें लहानसें गांव असून गांवालगतच्या टेकडीवर तांब्याच्या पत्र्याचा एक प्रचंड पुतळा उभा आहे. चौथरा धरून त्याची उंची ३५ मीटरांच्या आसपास भरते. इतका मोठा पुतळा पाहिला म्हणजे तो कोणा दिग्विजयी राजाचा किंवा सेनापतीचा असावा असें परक्या प्रवाशास वाटतें. परंतु तो आहे एका धर्मगुरूचा. उजवा हात आशीर्वादासाठीं उचललेला, डाव्या हातांत पुस्तक, अशी ती मूर्ति सन १६९८ पासून तेथें उभी आहे. ज्यांची ही मूर्ति, त्या संत चार्ल्स बोरोमिओ यांचें चरित्र आम्ही यंदा वाचकांस सादर करीत आहों. त्यांच्या आयुष्यांतील सर्वच गोष्टी सांगावयास येथें जागा नाहीं. एका वर्षाच्या, किंबहुना एका महिन्याच्या हकीकतीवर आम्ही अधिक रेंगाळणार आहों. कारण त्या महिन्यांत त्यांनीं जें केलें त्यावरून त्यांच्याच शहरांत मतभेद झाले, आणि साडेचारशें वर्षें होत आलीं तरी कॅथॉलिक भाविकांतील तो वाद पुरता मिटलेला नाहीं.

चार्ल्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजीं अरोनाच्या किल्ल्यांत झाला. वडील काउंट जिल्बेर्तो बोरोमिओ. आई मार्गारिता ही मेदिची घराण्यांतील. घर तालेवार होतें. त्या काळच्या चालीप्रमाणें लहानपणींच एका मठाचें उत्पन्न चार्ल्सच्या नांवें करण्यांत आलें, तेव्हां या बारा वर्षांच्या मुलानें वडिलांस विनविलें कीं, माझ्या शिक्षणापुरता खर्च वजा जातां बाकीचा पैसा गरिबांचा आहे, तो घरखर्चांत घालूं नये. पाविया येथील विद्यापीठांत तो कायदा शिकला. बोलतांना त्याची जीभ अडखळे, त्यामुळें कित्येकांस तो मंदबुद्धि वाटे. पण १५५९ त तो कायद्याचा डॉक्टर होऊन बाहेर पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे मामा चवथे पायस या नांवानें पोप झाले, आणि अवघ्या एकविसाव्या वर्षीं भाचा कार्डिनल झाला. मामानें भाच्यास मोठ्या हुद्द्यावर चढविण्याची ही चाल वाईटच होती, व तिचीं फळेंहि बहुधा वाईटच येत. येथें मात्र दैवयोगानें फळ गोड निघालें. सन १५६२ त थोरला भाऊ फेदेरीगो अकस्मात् वारला. आतां चार्ल्सनें धर्मखातें सोडून लग्न करावें व घराण्याचें नांव चालवावें असा आप्तांचा आग्रह पडला. त्यांनीं उलट १५६३ त धर्मगुरूची दीक्षा घेतली. त्याच वर्षीं त्रेंत येथील सुप्रसिद्ध धर्मपरिषद संपली. तिच्या शेवटच्या अधिवेशनांचा पुष्कळसा पत्रव्यवहार रोमहून याच तरुणाच्या हातून होत असे.

सप्टेंबर १५६५ मध्यें आर्चबिशप चार्ल्स मिलान शहरांत आले. तेथें सुमारें ऐंशीं वर्षें एकाहि आर्चबिशपानें वास्तव्य केलें नव्हतें! घरांत वडील माणूस नसलें म्हणजे घराची जी दशा होते तीच त्या धर्मप्रांताची झाली होती. चार्ल्स यांनीं डोंगरदऱ्यांतील खेडीं पायीं व घोड्यावर पालथीं घातलीं, धर्मगुरूंच्या शिक्षणासाठीं विद्यालयें काढलीं, रविवारीं मुलांस धर्मशिक्षण देणाऱ्या शाळा गांवोगांव वाढविल्या. ते शिस्तीचे कडक होते, व कडक माणसास शत्रु मिळावयास वेळ लागत नाहीं. उमिलियाती नांवाच्या एका शिथिल झालेल्या संघास ते वळण लावूं लागले, तेव्हां त्या संघांतील फरीना नांवाच्या एका मनुष्यानें ऑक्टोबर १५६९ मध्यें, संध्याकाळची प्रार्थना चालू असतां, त्यांजवर पाठीमागून बंदूक झाडली. गोळी लागली, पण शरीरांत शिरली नाहीं. प्रार्थना थांबूं नये अशी त्यांनीं खूण केली व ती पुरी झाल्यावरच ते उठले. मिलानवर त्या वेळीं स्पेनच्या राजाची सत्ता होती. त्याच्या सुभेदारांशीं त्यांचे अधिकारावरून सतत खटके उडत. एवढी माहिती पुरे. आतां मुख्य हकीकतीकडे वळूं.

सन १५७६ च्या ऑगस्ट महिन्यांत मिलानमध्यें प्लेग शिरला. आर्चबिशप त्या वेळीं लोदी गांवीं एका बिशपाच्या अंत्यविधीस गेले होते. बातमी कानीं पडतांच ते परत फिरले. शहराच्या वेशींतून गाड्या व घोडे बाहेर चालले होते. हे आंत आले. सुभेदार आयामोंते शहर सोडून गेला, सरदार-सावकार आपापल्या खेड्यांतील वाड्यांकडे निघाले, आणि मागें राहिले ते बहुतेक गरीब लोक व त्यांचा बंदोबस्त करणारे आरोग्यखात्याचे अधिकारी. चार्ल्स यांच्या सल्लागारांचें म्हणणें असें पडलें कीं, सगळ्या प्रांताचा भार ज्यांच्या शिरीं आहे त्यांनीं रोग्यांच्या बिछान्याशीं जाऊन आपला जीव धोक्यांत घालूं नये. हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. चार्ल्स यांनीं तो ऐकून घेतला, मृत्युपत्र करून शहराच्या मोठ्या इस्पितळास आपला वारस नेमलें, आणि रोग्यांकडे जावयास सुरुवात केली.

शहराच्या पूर्वेकडील वेशीबाहेर लाझारेत्तो नांवाची एक चौकोनी इमारत होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ती खास सांथीच्या रोग्यांकरितां बांधली होती. मधोमध मोकळें मैदान व चहूंबाजूंनीं २८८ खोल्या. त्या खोल्या पाहतां पाहतां भरल्या, मग तटाबाहेर शेंकडों झोंपड्या उठल्या. पाओलो बेल्लिंतानी नांवाचे एक कापुचिन संन्यासी तेथील कारभार पाहात; त्यांची शिस्त इतकी करडी होती कीं रोग्यांस प्लेगची जितकी भीति वाटे तितकीच कदाचित् त्यांची वाटत असावी. हिंवाळा जवळ येत चालला होता व गरिबांच्या अंगावर धड वस्त्र नव्हतें. आर्चबिशपांनीं आपल्या वाड्यांतील पडदे, भिंतींवरचीं भरजरी कापडें, दारांवरच्या झुली, सारें उतरवून त्यांचे कपडे शिवविले. लाल, जांभळ्या, हिरव्या रंगाच्या त्या चित्रविचित्र अंगरख्यांत हिंडणारे भिकारी पाहून शहरास त्या दुःखांतहि नवल वाटलें असेल. घरांतील चांदीचीं भांडींहि गेलीं, कर्ज झालें.

येथपर्यंतची गोष्ट अशी आहे कीं तिच्याविषयीं कोणाचाच मतभेद नाहीं. मतभेद सुरू होतो तो ऑक्टोबरपासून.

कॅथॉलिक लोकांच्या उपासनेंत मिस्सा हा मुख्य विधि होय. वेदीवर भाकर व द्राक्षरस अर्पण केला जातो, तो ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतो अशी त्यांची श्रद्धा आहे, व ती भाकर प्रसाद म्हणून भाविक घेतात. रविवारीं मिस्सेस हजर राहणें हें कर्तव्य मानलेलें आहे. त्याशिवाय धर्मगुरूपुढें पापें सांगून क्षमा मागणें, मरणाऱ्यास तेलाचा अभ्यंग करणें, संकटकाळीं मिरवणुकीनें प्रार्थना करीत जाणें, हेहि विधि आहेत. यांतील प्रत्येक विधि माणसास माणसाजवळ आणतो. आणि सांथीच्या वेळीं माणसानें माणसाजवळ येणें हाच धोका असतो. या पेंचांतून सुटण्याचा सोपा मार्ग १५७६ त नव्हता.

आर्चबिशपांनीं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत तीन प्रायश्चित्ताच्या मिरवणुकी काढण्याचें जाहीर केलें. आरोग्याधिकाऱ्यांनीं हरकत घेतली: गर्दी जमेल, रोग पसरेल. चार्ल्स यांनीं सन ५९० मधील उदाहरण पुढें केलें. त्या वर्षीं रोममध्यें प्लेग असतांना थोर ग्रेगरी यांनीं अशीच मिरवणूक काढली होती. प्लेग ही पापांची शिक्षा आहे व पश्चात्ताप हाच तिच्यावरचा खरा उपाय, अशी त्यांची दृढ समजूत होती. येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांस हंसण्याची घाई करूं नये. त्या काळच्या वैद्यांसहि रोगाचें मूळ ठाऊक नव्हतें. प्लेगचा जंतु हाँगकाँग येथें सांपडला तो १८९४ त, आणि उंदरांवरील पिसवांचा त्यांतील हात उघडकीस आला तो १८९८ त. तथापि अधिकारी केवळ अनुभवावरून जें बोलत होते तें शहाणपणाचें होतें, हेंहि आम्हांस मान्य केलें पाहिजे. चार्ल्स यांनींहि तें अगदींच झिडकारलें नाहीं. आजारी किंवा संशयित घरांतल्या कोणीं येऊं नये, बाकीच्यांनीं दोन रांगांनीं, एकामागें एक, मध्यें अंतर ठेवून चालावें, अशा अटी त्यांनीं घातल्या. मग ते स्वतः अनवाणी, गळ्यांत दोरी बांधून, ख्रिस्ताच्या क्रुसाचा म्हणून मानला जाणारा पवित्र खिळा हातीं घेऊन सर्वांपुढें निघाले. वाटेंत पायास ठेंच लागून रक्त वाहूं लागलें. ते थांबले नाहींत.

मिरवणुकी झाल्या, पण सांथ हटली नाहीं. महिन्याच्या अखेरीस सर्व शहरानें घरांत कोंडून राहावें असा हुकूम निघाला. मुदत चाळीस दिवसांची होती; ती पुढें वाढत वाढत १५७७ साल उजाडलें. आणि महिन्याच्या आरंभीं ज्यांनीं लोकांस रस्त्यावर आणलें होतें, त्याच आर्चबिशपांनीं हा हुकूम उचलून धरला. केवळ सामान्य लोकच नव्हेत, तर ज्यांस रोग्यांकडे जाण्याचें काम नेमून दिलेलें नाहीं अशा धर्मगुरूंनींहि घरींच राहावें, असें त्यांनीं आपल्या अधिकारांत फर्माविलें. देवळें ओस पडलीं. ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा एकहि रविवार मिस्सेवांचून गेला नव्हता त्यांच्या दारास बाहेरून बंदी आली. प्लेगनें मेलों तरी चालेल, पण प्रसादावांचून मरण नको, असें ज्यांस वाटत होतें त्यांची समजूत कशी घालावी?

चार्ल्स यांनीं समजुतीच्या भाषणांवर भिस्त ठेवली नाहीं. लोक देवळांत येऊं शकत नाहींत, तर वेदी लोकांकडे गेली पाहिजे, असें ठरवून त्यांनीं चवाठ्याचवाठ्यावर वेद्या उभारविल्या. वेदी अशा जागीं मांडीत कीं आसपासच्या जास्तींत जास्त खिडक्यांतून ती दिसावी. धर्मगुरु रस्त्यावर मिस्सा करी व लोक आपापल्या खिडक्यांत गुडघे टेकून ती ऐकत. दिवसांतून सात वेळां मोठ्या देवळाची घंटा होई. घंटा झाली कीं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा असलेला एकजण प्रार्थनेचा एक चरण म्हणे आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून दुसरा चरण उठे. ज्या शहरांत गाडीचा आवाज नाहीं, बाजाराचा गलबला नाहीं, त्या शहरांत रात्रंदिवस घराघरांतून असे सूर निघत असत. आमच्या मतें चार्ल्स यांच्या साऱ्या आयुष्यांत याहून थोर असें दुसरें कांहीं नाहीं, पुतळ्याची उंची कितीहि असो.

पापनिवेदनासाठीं धर्मगुरु दारोदार फिरत. बरोबर एक लहानसें बसकें असे. तें उंबऱ्याबाहेर टाकून ते बसत, आंत दाराआड घरचा माणूस गुडघे टेकी, आणि बंद फळी हाच दोघांमधला पडदा होई. रविवारीं दाराशीं लहान मेज मांडून प्रसाद देण्यांत येई. रोग्यांमध्यें वावरणाऱ्या धर्मगुरूंच्या हातांत एक लांब काठी असे, कोणीं फार जवळ येऊं नये म्हणून. शिरक्यांत हात बुडविणें, वस्त्रें बदलणें, हेहि नियम होते. आर्चबिशप स्वतः ते नियम पाळीत. त्यांचें धाडस आंधळें नव्हतें.

हे सर्व पाहून सारे संतुष्ट झाले असें समजूं नये. रस्त्यावर, कुत्र्यामांजरांच्या व प्रेतांच्या गाड्यांच्या वाटेवर वेदी मांडणें कित्येक सोवळ्या भाविकांस खचितच रुचलें नसेल. उलट अधिकाऱ्यांच्या मनांतून मिरवणुकींचा सल गेला नाहीं. आर्चबिशप आमच्या कामांत हात घालतात ही त्यांची तक्रार पुढें रोमपर्यंत व स्पेनच्या राजापर्यंत गेली. जानेवारी १५७८ मध्यें शहर रोगमुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. सुमारें १७,००० माणसें दगावलीं होतीं. त्यांत रोग्यांची सेवा करणारे शंभराहून अधिक धर्मगुरु होते. नागरिकांनीं नवस फेडण्यासाठीं संत सेबास्तियन यांचें गोल देऊळ बांधावयास घेतलें. पण माणसाचें मन विसराळू! सांथ सरतांच नाचरंग व दंगामस्ती पूर्ववत् सुरू झाली, तेव्हां चार्ल्स यांनीं १५७९ त एक पुस्तक लिहून लोकांस त्या दिवसांची आठवण दिली. त्याच वर्षीं तक्रारींस उत्तर देण्यासाठीं ते रोमला गेले. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं त्यांची बाजू उचलून धरली. अतिश्रमानें व उपासांनीं झिजलेलें तें शरीर ३ नोव्हेंबर १५८४ च्या रात्रीं शांत झालें. वय ४६. सन १६१० त पोप पांचवे पॉल यांनीं त्यांस संतपद दिलें.

चरित्र येथें संपावयाचें. परंतु वाद संपला नाहीं, म्हणून आम्हीहि आणखी थोडें पुढें जातों.

सन १६३० त मिलानवर पुन्हां प्लेग कोसळला. त्या वेळीं आर्चबिशप होते चार्ल्स यांचेच चुलतभाऊ कार्डिनल फेदेरीगो बोरोमिओ. संत चार्ल्स यांच्या अस्थींची मिरवणूक काढावी असा लोकांनीं हट्ट धरला. फेदेरीगो यांनीं प्रथम नकार दिला. गर्दीनें रोग वाढेल हें त्यांस दिसत होतें. पण पुन्हां पुन्हां विनवण्या आल्या, तेव्हां त्यांनीं मान तुकविली. ११ जूनला पहांटेपासून दुपारपर्यंत ती मिरवणूक शहरभर फिरली, आणि लगेच मृत्यूंची संख्या भयंकर वाढली. मांझोनी या कादंबरीकारानें आपल्या प्रसिद्ध ऐतिहासिक कादंबरींत हा प्रसंग वर्णिला आहे. लोकांनीं मिरवणुकीस दोष दिला नाहीं. भिंतींना विषारी मलम फांसणारे दुष्ट लोक गर्दींत शिरले होते असें त्यांनीं ठरविलें, आणि त्या संशयावरून निरपराध माणसांचे हाल करून जीव घेतले. त्या सांथींत मिलानचीं अंदाजें ६०,००० माणसें मेलीं. ज्या संतानें वेद्या रस्त्यांवर नेल्या त्याच्या अस्थि निमित्त करून लोक एकत्र लोटले, यासारखी खेदाची गोष्ट त्याच्या चरित्रास दुसरी जोडलेली नाहीं.

मिलानच्या चवाठ्यांवरील वेद्यांच्या जागीं पुढें क्रूस बसविलेले स्तंभ उभे राहिले. त्यांतील कांहीं आजहि आहेत. आमच्या मुंबईकर वाचकांस हें ऐकून वांद्र्याच्या गल्ल्या आठवतील. सन १८९६ त मुंबईंत प्लेग आला त्या सुमारास तेथील ख्रिस्ती रहिवाशांनीं रस्त्यांच्या कडेला जे क्रूस उभारले, त्यांपैकीं कित्येकांपुढें अजून संध्याकाळीं मेणबत्ती लागते.

आणि सन २०२० च्या फेब्रुवारींत, कोरोनाच्या महामारीपायीं, मिलानचीं देवळें पुन्हां मिस्सेवांचून राहिलीं. मार्चमध्यें सर्व इटलींत तोच नियम लागू झाला; त्या महिन्याच्या अखेरीस आपल्या देशांतहि सर्व धर्मांचीं मंदिरें बंद झालीं. बंदीच्या आधीं व नंतर ठिकठिकाणीं विधींत फरक करण्यांत आले: दाराशीं ठेवलेलें पवित्र पाणी काढलें, शांतीची खूण म्हणून हात मिळविणें थांबविलें, प्रसाद जिभेवर न देतां हातांवर द्यावा असें सांगितलें. या शेवटच्या गोष्टीनें तर अनेक देशांतील भाविकांत उघड फूट पडली. जिभेवर प्रसाद घेणें हा आपला हक्क व पूज्यभाव आहे असें एका पक्षाचें म्हणणें. शेजाऱ्याचा जीव वांचविणें हाहि पूज्यभावच, असें दुसऱ्याचें. इटलींत २६ एप्रिल रोजीं सरकारनें निर्बंध सैल करतांना मिस्सेचें नांव घेतलें नाहीं, तेव्हां बिशपांच्या मंडळानें त्याच दिवशीं नाराजी जाहीर केली. १८ मेपासून लोकांसह मिस्सा पुन्हां सुरू झाल्या. या साऱ्या वादांत संत चार्ल्स यांचें नांव दोन्ही बाजूंनीं घेतलें गेलें. आजच्या बिशपांनीं भ्यावें आणि त्यांनीं अनवाणी मिरवणूक काढावी, केवढा हा फरक, असें एकजण म्हणे. त्यांनींच शहर कोंडण्यास संमति दिली व धर्मगुरूंस घरीं बसविलें, असें दुसरा म्हणे. आमच्या समजुतीप्रमाणें दोघांच्याहि हातीं ऑक्टोबर १५७६ चा अर्धाअर्धाच महिना आला होता.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळीं तत्कालीन पोप फ्रान्सिस रोममधील संत पेत्राच्या चौकांत प्रार्थनेस उभे राहिले. पाऊस पडत होता. चौकांत माणूस नव्हतें. जवळ एक जुना लांकडी क्रूस आणून ठेवला होता. तो सन १५२२ च्या प्लेगांत रोमच्या गल्ल्यांतून लोकांच्या दाटींत मिरविला होता.

मिलानच्या महामंदिरांत दर वर्षीं नोव्हेंबर महिना आला, म्हणजे संत चार्ल्स यांच्या चरित्रांतील प्रसंगांचीं जुनीं, भव्य चित्रें खांबांमध्यें टांगतात. सतराव्या शतकाच्या आरंभीं तीं तयार झालीं. एकांत ते पवित्र खिळा घेऊन मिरवणुकींत चालले आहेत. दुसऱ्या एकांत शहराच्या वेशीपाशीं क्रूस उभारीत आहेत. खालीं तळघरांत स्फटिकाच्या पेटींत त्यांचा देह ठेवलेला असून ४ नोव्हेंबरला, त्यांच्या सणाच्या दिवशीं, तेथें दर्शनास रीघ लागते.